पाठ केलेलं उत्तर

माझ्या मामाच्या घरी जेवताना पुवाच्या, अळ्यांच्या आणि मेलेल्या माणसांच्या गोष्टी चालायच्या. मामी ताटात अंबाडीची भाजी वाढायची, वरून कच्च्या तेलाची धार सोडायची, आणि तेवढ्यात मामा विचारायचा, "देव्या, रोगी तुह्या आंगावर ओकला त काय करशीन?" मी घास गिळून म्हणायचो, "आधी त्याचं डोकं एका बाजूले करीन, मंग माह्यं आंग पुशीन." मामा म्हणायचा, "बराबर. खाय आता." मामी कपाळावर हात मारायची. "तुमाले जेवाच्या टायमालेच घाण सुचते का हो?" मामा म्हणायचा, "अवं, दवाखान्यात घाण काय घड्याळ पाहून येते का?" आणि भाकरीचा तुकडा मोडायचा. त्याच्या हाताला कार्बोलिक साबणाचा वास असायचा. घरात शिरायच्या आधी तो बाहेरच्या दगडावर कोपरापर्यंत हात धुवायचा, तरी तो वास भाकरीला लागायचाच. मला वाटायचं अकोल्यातली ज्वारीच तशी असते.

मामा ड्रेसर होता. जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. अकोल्यात एका ट्रस्टचा दवाखाना होता, त्याचं नाव मी लिहीत नाही, आता तिथं काही उरलेलंही नाही. मी मूर्तिजापूरकडच्या खेड्यातला, सातवीत दोनदा बसलो आणि दोनदा तिथंच राहिलो. घरी तीन भाऊ वावरात होते, चौथ्याला काम नव्हतं. त्या दवाखान्यात चार पोरांना ड्रेसरचं शिक्षण देणार होते. मोठे डॉक्टर स्वतः मुलाखत घेणार. अक्षर कसं आहे, पाढे येतात का, हे ते विचारत नाहीत, असं मामानं ऐकलं होतं. ते एवढंच पाहतात की पोरगं टिकते का पळते. म्हणून मायनं मला उन्हाळ्याच्या तोंडावर मामाकडे पाठवलं आणि महिनाभर माझी तयारी चालली.

हे आज लिहायला बसलो त्याचं कारण माझी नात मीनल. आम्ही आता अमरावतीला असतो, मुलाकडे. मीनलला डॉक्टर व्हायचं आहे. इथली परीक्षा थोडक्यात हुकली, म्हणून बाहेरच्या देशातल्या एका कॉलेजाचा फॉर्म भरला आहे. ते लोक कॉम्प्युटरवर तोंड पाहून प्रश्न विचारतात. क्लासवाल्यांनी प्रश्नांचा एक गठ्ठा दिला आहे आणि त्यासोबत उत्तरंही. परवा ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. "आबाजी, ऐका ना, तुम्ही डॉक्टर व्हा आणि मला विचारा." मी चष्मा लावून पहिला प्रश्न वाचला, तिनंच तो मराठीत लिहून दिला होता: रोग्याच्या जखमेला सहन न होणारी दुर्गंधी आहे, तुम्ही काय कराल? ती ताठ बसून म्हणाली, "मी आधी खोल श्वास घेईन, मन शांत ठेवीन..." मी म्हटलं, "खोल श्वास नको घेऊ बाई. तिथं खोल श्वास घेतला त आडवी होशीन." ती खूप हसली. मग विचारलं, "तुमची पण मुलाखत झाली होती का आबाजी?" मी हो म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. पुढचं तिला सांगितलं नाही. ते इथं लिहितो.

मामाचं घर टिनाचं होतं. अकोल्याचा उन्हाळा आणि वरती टिन, म्हणजे दुपारी तव्यावर बसल्यासारखं. दाराला भिजवलेलं पोतं, बाहेर बाजेवर मामीच्या कुरडया वाळत पडलेल्या, सकाळी जिनिंगचा भोंगा, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग रेल्वेचे डबे एकमेकांवर आदळल्याचा. त्या घरात सर्वात मोठा आवाज मामाच्या पोरीचा होता. सुमन. माझ्यापेक्षा वर्षाने लहान, पण शिकत होती, नववीत. मामाची ड्युटी असली की माझी तयारी तीच करून घ्यायची. मामानं सांगितलेले प्रश्न तिनं एका वहीत उतरवले होते. मला वाचायला वेळ लागतो म्हणून ती वाचायची, आणि नुसती वाचायची नाही, रोगी व्हायची. बाजेवर आडवी पडून पाय पुढे करायची. मी जुन्या धोतराच्या पट्टीनं पाय बांधायचो आणि ती ओरडायची, "मेल्या, हळू! पाय हाय माह्या, बैलाचा खूर नाही!" मी घाबरून हात काढला की उठून बसायची. "नापास. रोगी शिव्या देते त हात काढाचा नाही, असं लिवलं हाय वहीत."

तीच सुमन पुढे माझी बायको झाली. तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही. शेवटचे आठ महिने तिची एक बाजू लुळी पडली होती आणि झोपून झोपून पाठीला जखमा झाल्या होत्या. मुलानं दवाखान्यातून एक बाई लावली. ती तोंडाला दोन-दोन फडकी बांधून आली, तिसऱ्या दिवशी मीच तिला जा म्हणालो. मग रोज सकाळी मी धुतलं, मी बांधलं. सून खोलीत उदबत्त्या लावायची. सुमनला बोलता येत नव्हतं, पण ती डाव्या हातानं उदबत्तीकडे बोट दाखवायची आणि मी ती विझवायचो. वास येतो का, हे तिनं मला खुणेनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो हे तिला ठाऊक होतं. असो.

मामाच्या सगळ्या उत्तरांमध्ये एक उत्तर त्याला फार आवडायचं. "डॉक्टर इचारतीन, वास आला त काय करशीन? तू म्हन, साहेब, मले वास येतच नाही." सुमन म्हणाली, "बाबा, मंग त्याले पास करतीन का नाकाच्या डॉक्टरकडे धाडतीन?" मामा चिडला. "तुले काय समजते? साहेब लोकाईले हेच आवडते. ज्याले वास येते ते पोरगं महिन्याभरात पळते." मग त्यानं माझा सराव घ्यायचं ठरवलं. मागच्या बाजूला नाली होती, उन्हाळ्यात पाणी कमी आणि गाळ जास्त. मामानं तिथं पाट टाकला आणि मला जेवायला बसवलं. मामी पदर तोंडाला लावून म्हणाली, "बहिणीचं पोरगं हाय हो, कुत्र्यावानी नालीजवळ जेवाले घालता?" मामा म्हणाला, "तू कढी आन." पहिल्या दिवशी मी दोन घासात उठलो आणि भिंतीला धरून ओकलो. आठव्या दिवशी अख्खी भाकर आणि वाटीभर कढी संपवली. मामा समोर उकिडवा बसून विचारायचा, "वास येते का?" मी तोंडावरची रेघही न हलवता म्हणायचो, "नाही मामा, काईच वास येत नाही." ते वाक्य माझ्या जिभेवर इतकं बसलं की विचारायचा अवकाश, बाहेर पडायचं.

मुलाखतीला आम्ही अकरा पोरं होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. माझ्या बाजूला एक आडदांड पोरगा होता, चांदूर रेल्वेकडचा. त्यानं सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी काठीनं सात साप मारले, मले कायचं भेव? तो माझ्या आधी आत गेला आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच दारातून पांढरा होऊन निघाला, चप्पल एकाच पायात. माझा नंबर आला. डॉक्टर उंच, केस पिकलेले, आवाज हळू. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले, ते सगळे सुमनच्या वहीतले होते. मग विचारलं, "घाण वास आला तर?" मी म्हणालो, "साहेब, मले वास येतच नाही." ते हसले नाहीत. "चल," म्हणाले.

बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर एक मावशी होती. तिचं नाव लिहीत नाही, नातवंडं असतील. मूर्तिजापूरहून पुढे अरुंद रुळांच्या लहान गाडीच्या वाटेवरच्या एका गावची, काळ्या रानातली बाई. कपाशीची वाळली पऱ्हाटी उपटताना खुंट पायात घुसला, त्यात साखरेचा आजार, आणि पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. सिस्टरनं मीठपाण्यानं पट्टी भिजवली. डॉक्टर मला म्हणाले, "तू टाच धर." मी धरली. पट्टी सुटली. तो वास कसा होता ते मी लिहिणार नाही, ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला लिहून समजणार नाही. नालीचा वास त्याच्यापुढे काहीच नव्हता. मला टाच सोडून पळावंसं वाटलं. पण मामानं सांगितलं होतं, हात जखमेवर आणि डोळे रोग्याच्या तोंडावर. म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीही माझ्याकडेच पाहत होती. हळूच म्हणाली, "बाप्पा, वास येते काय रे? सारे नाक दाबतात. माह्या पोरगाबी दरवाज्यातूनच बोलते."

मी म्हणालो, "नाही मावशी, काईच वास येत नाही."

तिचं तोंड एकदम उजळलं. "खरं?" म्हणाली. "आईच्यान?" मी मान हलवली. डॉक्टर चार पावलं मागे उभे होते, आमचं हळू बोलणं त्यांच्यापर्यंत गेलं नाही; ते माझ्या हाताकडे पाहत होते, टाच हलते का ते. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी सिस्टरला सांगितलं, "याचं नाव लिहा." मी बाहेर आलो आणि भिंतीमागे जाऊन ओकलो, पण नाव लिहिलं गेलं होतं. घरी मामीनं आंब्याचा रस केला, शेवया केल्या. मामानं आजूबाजूच्या चार घरी सांगितलं. सुमननं वही बंद केली आणि म्हणाली, "आता दुसऱ्याचे पाय मोड, माह्ये वाचले."

दुसऱ्या दिवशी मामा ड्युटीवरून आला तो हात न धुताच दारात बसला. मामीनं ताट वाढलं, तो उठला नाही. मग म्हणाला, "ते शेवटच्या खाटेवरची गेली. उद्या तिचा पाय कापाचा होता." मी विचारलं, "गेली म्हंजे मेली?" "नाही. घरी गेली. पोरगा न्याले आल्ता, तिकडच्या स्टेशनवर बैलगाडी उभी ठेवून. डॉक्टरनं लाख समजावलं. साहेबाले ते एवढंच म्हने, नव्या पोट्ट्यानं सांगतलं; मंग मले म्हने, तुमचा पोट्टा खोटं काहून बोलीन, वास मेला म्हंजे जखम भरून राहिली."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या खेड्यांत जखम डोळ्यांनी पाहत नाहीत, वासानं पाहतात. वास आहे तोवर जखम जिवंत, वास मेला की आता बरं. माझी मायही तसंच म्हणायची. मी त्याच मुलखातला, मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण ती विचारत होती तेव्हा मला ती दिसलीच नाही. मला वाटलं डॉक्टरच विचारत आहेत, आणि मी त्यांना उत्तर दिलं.

सुमन म्हणाली, "बाबा, ते उत्तर तुमीच शिकवलं." मामा तिच्यावर ओरडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तो मला म्हणाला, "कोनाजवळ तोंड उघडू नोको. साहेबाले समजलं त तुही जागा गेली, आन माहीबी अडचन होईन." मी तोंड उघडलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. मामी कुरडया उलटवत होती, भोंगा वाजत होता, आणि मी मनात हिशेब मांडत होतो की शिक्षण सोमवारी सुरू होणार, एकदा सुरू झालं की मग कोणी काढत नाही. हे मी आज कबूल करतो. मावशीचा काळा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता, पण सोमवार त्याच्याही पुढे होता.

तिसऱ्या दिवशी सुमननं माझ्यासमोर ताट आपटलं. "मले सांग, तुले जेवन जाते कसं?" मी म्हणालो, "जागा जाईन सुमन." ती म्हणाली, "जाऊ दे ना मंग. तुह्या जागेसाठी ते बाई पाय घेऊन मरीन काय?" मामा आतून ऐकत होता. तो बाहेर आला, पायात चप्पल घातली आणि म्हणाला, "चाल. गाडी सापडते अजून."

मूर्तिजापूरला आम्ही लहान गाडीत बसलो. ती गाडी इतकी हळू चालायची की माणसं उतरून बाभळीखाली लघवी करून परत चढायची. इतर वेळी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटलं उतरून धावावं.  स्टेशनपासून वखरलेल्या वावरातून चालत गेलो, ढेकळं पायाला भाजत होती. तिचं घर विचारावं लागलं नाही. अंगणातच समजलं.

मावशी ओसरीत बाजेवर होती, डोळे तापानं लाल, पण हसत होती. शेजारच्या तीन-चार बायका कपाशीच्या गाठोड्यांना टेकून दूर बसल्या होत्या. मला पाहून ती म्हणाली, "अवं पाहा, पाहा, हेच ते पोरगं! मी सांगतलं नव्हतं? यानंच सांगतलं." बायका माझ्याकडे कौतुकानं पाहू लागल्या. एकीनं पाणी आणायला सांगितलं. मी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "माह्याकडं काय पाहतं? तू सांगतलं होतं, तूच सांग."

मी म्हणालो, "मावशी, वास येते. अंगणापासून येते. त्या दिवशीही येत होता."

 तिनं आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग खोटं काहून बोलला रे?"

हा प्रश्न वहीत नव्हता. "मले पास व्हाचं होतं," मी म्हणालो.

मी वाट पाहत होतो की ती शिव्या देईल. तिचा पोरगा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, उघडाबंब, वखर सोडून आला होता आणि दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो मारेल असंही वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. मावशीनं लुगडं ओढून पाय झाकला. मग पोराला म्हणाली, "गाडी जुप."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मांडीपर्यंत बोटानं दाबून पाहिलं. पाय आता गुडघ्याच्या वर कापावा लागणार होता, आणि विष वर चढलं होतं. त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी म्हणालात की नव्या पोरानं सांगितलं. काय सांगितलं होतं त्यानं?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मामाही होता. मावशी म्हणाली, "कोनी काई नाही सांगतलं साहेब. घरी काम पडलं होतं, मनून मीच बहाना केला." डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली पडलेली पट्टी उचलून बादलीत टाकली. सोमवारी माझं शिक्षण सुरू झालं.

पाय कापल्यावर ती सहा दिवस होती. ड्रेसिंगला मामाला नाही म्हणायची, मला बोलवायला लावायची. मी नवीन, मला फक्त ट्रे धरता येत होता. ती काही विचारत नव्हती. नुसती माझ्या तोंडाकडे पाहायची, आणि मी तोंड आहे तसं ठेवायचो, घाण वाटली तर वाटली. मी चाळीस वर्षं ड्रेसर होतो. तोंडावरचं लपवायचं मी तिथं सोडलं. पण हे शिकायला जे लागलं ते मी कोणत्याही शिकाऊ पोराला सांगितलं नाही, मीनललाही सांगणं झालं नाही.

सातव्या दिवशी सकाळी ती गेली. पोरगा मयत न्यायला आला. आजवर दारातून बोलणारा माणूस, त्या दिवशी सरळ आत आला, खाटेजवळ बसला आणि तिचे केस सारखे केले. कागद होईपर्यंत आम्ही दोघं व्हरांड्यात उभे होतो. मी म्हणालो, "भाऊ, माह्या चुकीनं झालं." तो चुन्याची डबी उघडून तंबाखू मळत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तू काई सांगतलं नसतं तरी मी तिले नेलंच असतं. वावराची वखरवाही पडली होती, घरी भाकर टाकाले कोनी नव्हतं. तुह्यं त नुसतं निमित्त झालं."

मी घरी येऊन हे सुमनला सांगितलं. तिला म्हणालो, तो म्हणते माही चूक नाही. सुमन दळण निवडत होती. तिनं विचारलं, "तो खरं बोलला का तुह्यावानी बोलला?"

मी म्हणालो, "मले काय माहीत?"

"मंग जाय, त्याले इचारून ये," ती म्हणाली.

लहान गाडी तेव्हा रोज जात होती. मी गेलो नाही.